तडकलेल्या घंटांचे बारसे

एका राज्यात ढग चरायला खोऱ्यात उतरत. सकाळी डोंगरमाथ्यावरून कळपाकळपाने यायचे, गवतावरचे दव खायचे, विहिरींचे पाणी प्यायचे. संध्याकाळी राजवाड्यापुढची थोरली घंटा घणघणली, की मुकाट्याने डोंगरावर परतायचे. घंटा नसेल तर ढग जायचे नाव घेत नसत. म्हणून त्या राज्यात राजाच्या खालोखाल मान होता तो ओतशाळेला, जिथे घंटा घडत.

त्या ओतशाळेची धनीण होती जयवेणी. वडिलांमागे गादीवर बसली, तेव्हा ती नुकतीच सात समुद्रांपलीकडच्या गुरुकुलातून धातुविद्या शिकून परतली होती. डोळ्यांत तेज, मनात एकच ध्यास, की आपल्या खोऱ्याची घंटा साऱ्या पृथ्वीने ऐकावी. गुरूंनी तिला निरोप देताना सांगितले होते, "पुढारी म्हणजे कडा. कड्याला चीर दिसता कामा नये." ते तिने मनावर कोरून घेतले होते.

ओतशाळेत एक जुनी रीत होती. एखादी घंटा ओतताना तडकली, तर तिचे बारसे करायचे. साखळ्यांच्या झोळीत तिला पाळण्यासारखी टांगायची, सगळ्यांनी भोवती जमायचे, एकीने तिच्या कडेशी तोंड नेऊन 'कुर्र' करायचे आणि तिच्या फुटक्या आवाजाला शोभेल असे नाव ठेवायचे. मग पोट धरून हसायचे, आणि ती तशीच नव्या घंटेच्या मुशीत वितळवायची.

एके दिवशी धुमाक्ष नावाचा जादूगार ओतशाळेच्या दारात उभा राहिला. त्याची दाढी धुराची होती.

"मला अशी घंटा दे," तो म्हणाला, "की जिच्या आवाजाने सारे ढग माझ्या एकट्याच्या अंगणात येतील."

"ढग खोऱ्याचे आहेत," जयवेणी म्हणाली. "देता येणार नाही."

"मग ऐक. तुझी प्रत्येक घंटा तडकेल."

एवढे ऐकून जयवेणीने पाठ फिरवली आणि भट्टीकडे गेली. धुमाक्ष आणखी काही बोलला, पण ते ऐकायला ती थांबलीच नाही.

त्याच आठवड्यात थोरली घंटा तडकली. जयवेणीने नवी ओतली, तीही तडकली. तिच्यामागची तीही. ढग मुक्कामालाच राहिले. राणीसाहेबांच्या पलंगावर एक ढग आडवा झाला तो उठेचना. कोणाचे पापड वाळेनात. एका लग्नात नवरदेव धुक्यात चाचपडत नवरीऐवजी तिच्या मामापुढे अंतरपाटाशी उभा राहिला.

राजा भद्रसेनाने जयवेणीला बोलावले. त्याच्या मांडीवर ढगाचे एक पिल्लू झोपले होते.

"पौर्णिमेपर्यंत घंटा वाजली नाही, तर प्रजेला घेऊन मला हे खोरे सोडावे लागेल. खरे सांग, काय चालले आहे?"

"सगळे ठीक आहे, महाराज."

ओतशाळेतही तिने तेच सांगितले. साचे करणारी भागाबाई तिथली सर्वांत खट्याळ आणि बारशात 'कुर्र' करण्याचा मान तिचा. तिने विचारले, "धनीणबाई, या पोरींची बारशी कधी करायची?"

"हे हसायचे दिवस नाहीत, भागाबाई. तडकलेल्या घंटांचे मी पाहीन."

पाहीन म्हणजे काय, तर लोक घरी जेवायला गेले की जयवेणी एकटी दोर-कप्पी लावून ती घंटा भट्टीखालच्या तळघरात उतरवायची आणि वर फळी टाकायची. लोकांचा धीर खचू नये, एवढाच तिचा हेतू होता. पण तळघरातल्या घंटा अंधारात हलकेच गुणगुणत, आणि वर कोणी नवी घंटा ओतली, की तिच्या अंगात ती गुणगुण शिरे आणि तीही तडके.

एका दुपारी ओतशाळेच्या कौलांवर भारद्वाज येऊन बसला.

"मला पाहिले की शुभ घडते म्हणतात," तो म्हणाला. "मी मला कधी पाहिले नाही, त्यामुळे माझे काही खरे नाही. तुला काय हवे?"

"न तडकणारी घंटा."

"ज्यांना कधी तडा गेला नाही अशा तीन वस्तू आहेत. काळ्या टेकडीतल्या नागाचे तांबे, आरशासारख्या तळ्याची माती आणि अग्निवृक्षाचा निखारा. प्रत्येकाला मोबदला लागतो."

जयवेणी निघाली, एकटीच.

काळ्या टेकडीत नाग तांब्याच्या राशीवर बसला होता. "तांबे ने," तो म्हणाला, "आणि तुझे हसू ठेवून जा." जयवेणीने हसू काढून दिले. नागाने ते पेटीत ठेवले.

तळ्याच्या कासवाने मातीच्या बदल्यात तिचे रडू मागितले. तिने तेही दिले, आणि मनात म्हणाली, बरे झाले, ओझे गेले.

अग्निवृक्षाखाली एक यक्षीण केस विंचरत होती. "निखारा घे. मोबदल्यात 'मला हात द्या' हे शब्द ठेव."

"एवढेच?" जयवेणी म्हणाली. "ते मी कधी वापरलेच नाहीत."

परतली ती खरोखरच कड्यासारखी. नागाच्या तांब्याचे कांसे केले, तळ्याच्या मातीचा साचा, अग्निवृक्षाचा जाळ. ओतशाळेतले सगळे भोवती जमले. पौर्णिमेच्या सकाळी साचा फोडला आणि जयवेणीने टोला दिला.

ठप्प!

आजवरच्या सगळ्या घंटांपेक्षा मोठा तडा गेला होता. जयवेणीला ना रडू आले, ना हसू. "जेवून या," एवढेच ती म्हणाली.

लोक गेले. तिने दोर बांधला, फळी सरकवली आणि घंटा तळघरात उतरवू लागली. पण नागाचे तांबे भलतेच जड. कप्पी करकरली, निसटली. घंटा तळघराच्या तोंडाशीच अडकून लोंबकळू लागली आणि दोराचा वेढा जयवेणीच्या मनगटाला करकचून बसला. घंटा खाली गेली असती तर तिला घेऊनच गेली असती. तिने ओरडायला तोंड उघडले, पण तिथे शब्दच नव्हते. ते यक्षिणीकडे होते.

मग तिने मोकळ्या मुठीने तडकलेल्या घंटेवरच मारले. ठप्प. ठप्प. ठप्प.

इतका कुरूप आवाज त्या खोऱ्यात कधी निघाला नव्हता. पण तो निघाला, धुक्यातून गेला आणि घरोघरी पोचला. हातातले घास टाकून माणसे त्या आवाजामागे धावत आली. पाच-सहा जणांनी दोर धरला, दोघांनी जयवेणीला मागे ओढले, घंटा वर घेतली. मग सगळ्यांनी तळघरात डोकावून पाहिले. खाली घंटाच घंटा होत्या.

जयवेणीने मान खाली घातली.

भागाबाईने कमरेवर हात ठेवले. "अगं बाई! एवढ्या लेकी झाल्या आणि एकीचंही बारसं नाही? आईला काही लाज?"

कोणीतरी फिस्सकन हसले. तेवढ्याने सुरुवात झाली. एकेक घंटा वर आली, झोळीत चढली. भागाबाई 'कुर्र' करी, टोला देई आणि आवाज ऐकून नाव ठेवी. पहिली झाली खोकलीबाई. दुसरी सासूबाईंची हाक. तिसरी ठणकली तशी चौघे एकदम ओरडले, "प्रधानजींची शिंक!"

लोक हसता हसता खाली बसले. आणि तिकडे काळ्या टेकडीत नागाची पेटी खडखडू लागली. हसू सोबतीवाचून राहत नाही. ते झाकण उडवून निघाले ते थेट जयवेणीच्या ओठांवर आले. ती इतकी हसली, की पाठोपाठ रडूही तळ्यातून धावत आले, आणि त्यामागून यक्षिणीकडचे शब्दही. शेवटी राहिलेली, सर्वांत मोठा तडा गेलेली घंटा समोर आली, तेव्हा जयवेणी भागाबाईला म्हणाली, "मला हात द्या. हिचे नाव मी ठेवते."

"काय ठेवणार?"

"जयवेणी."

कौलांवरून भारद्वाज म्हणाला, "शाप सुटला! धुमाक्षाचे पुढचे वाक्य होते, 'आणि जोवर तू तडा लपवशील, तोवरच तडकेल.' मी ऐकले होते."

"मग आधी का नाही सांगितलेस?"

"तू न तडकणारी घंटा मागितलीस. शाप कसा सुटेल, ते विचारलेच नाहीस."

खोकलीबाई, सासूबाईंची हाक, प्रधानजींची शिंक, थोरली जयवेणी, साऱ्या एका मुशीत वितळल्या. साऱ्यांनी भाते ओढले, जयवेणीनेही. संध्याकाळी नवी घंटा टांगली, आणि तिने टोला दिला.

काय तो आवाज! त्यात खोकला होता, हाक होती, शिंक होती, आणि सगळे मिळून गाणे होते. ढग कान टवकारून उठले. राणीसाहेबांच्या पलंगावरचा ढग उशी घेऊनच निघाला. कळपामागून कळप डोंगर चढला, आणि खोऱ्यात ऊन पडले.

धुके हटले तसा वेशीवर लपलेला धुमाक्ष उघडा पडला. त्याच्या हातातली जादूची काठी उभी चिरली होती आणि तो ती पाठीमागे दडवत होता.

"याचंही बारसं राहिलेलं दिसतंय," भागाबाई म्हणाली, आणि त्याच्या कानाशी 'कुर्र' करून तिने त्याचे नाव उदबत्ती ठेवले. जादूगार आधी फुरफुरला, मग त्याच्या धुराच्या दाढीतून एक हसू निसटले. त्याला ते फार दिवसांनी भेटत होते. तेव्हापासून तो ओतशाळेचा धूर सांभाळतो, आणि चांगला सांभाळतो.

राजा भद्रसेन घंटा पाहायला आला. त्याने तिच्यावरून हात फिरवला आणि हळूच विचारले, "जयवेणी, खरे सांग. ही तरी तडकणार नाही ना?"

"तडकेल, महाराज. कधी ना कधी तडकेलच. आम्ही सगळे इथे आहोत. तुम्ही एक चांगलेसे नाव सुचवून ठेवा."

राजा बराच वेळ विचार करत उभा राहिला, आणि मग त्याने सुचवलेले नाव ऐकून सारी ओतशाळा हसली.

ज्यांनी ही कथा ऐकली, त्यांच्या घरचे ढग संध्याकाळी वेळेवर डोंगरावर जावोत.