रवळूचे चौदा माड

फार वर्षांपूर्वी, उद्याची हवा सांगायला माणसाशिवाय दुसरं काहीच नव्हतं तेव्हा, कोकणच्या किनाऱ्यापासून बरंच आत समुद्रात कुर्लीबेटावर रवळू भंडारी नावाचा एक माणूस राहायचा. बेटावर माणसं कमी आणि कुर्ल्या, म्हणजे खेकडे, जास्त, म्हणून ते नाव. उन्हाळ्यात तिथे असा उकाडा होतो की बसल्या जागी अंगातून घामाच्या धारा लागतात. आणि उकाडा वाढला की वादळ येतं. वैशाखाच्या शेवटी तर सकाळी ताटासारखा सपाट असलेला समुद्र दुपारी ओळखू येत नाही.

रवळू माडी काढायचा. माडाची पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, कापली की त्यातून थेंब थेंब रस गळतो. तो मडक्यात धरायचा, हा त्याचा धंदा. बापाने लावलेले चौदा माड त्याच्याकडे होते, एका रांगेत, समुद्राच्या कडेला. त्याशिवाय त्याच्याकडे फक्त एक कोयता होता.

पण माडावर चढणाऱ्याला जे दिसतं ते खाली उभं राहणाऱ्याला दिसत नाही. समुद्राचा रंग कुठे बदललाय, पक्षी कुठल्या बाजूने परततायत, बुंध्यावरच्या मुंग्या अंडी घेऊन वर चालल्यायत की खाली, हे सगळं रवळूला दिसायचं. पोयीतून पडणाऱ्या थेंबांच्या चालीवरून त्याला वारा कळायचा. असं म्हणतात, की दोन थेंबांच्या मधल्या वेळात तो तीन दिवसांची हवा वाचायचा. मी म्हणेन एका दिवसाची. पण तेवढीही काही कमी नाही.

रोज पहाटे तो सगळ्यात उंच माडाच्या शेंड्यावरून हाक द्यायचा, आणि होड्या काढायच्या की नाही हे बेट त्या हाकेवर ठरवायचं. हाकेची एक रीत होती. आधी कालचं, मग आजचं. काल सांगितलेलं खरं ठरलं असेल तर "कालचा खरा, आजचा आयका." चुकलं असेल तर "कालचा माझा चुकला, आजचा आयका." एकदा त्याने वादळ सांगितलं, होड्या किनाऱ्यावर राहिल्या, आणि दिवसभर समुद्र इतका शांत की पोरं त्यात डुंबत होती. बायकांनी त्याला काय काय ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही. दुसऱ्या पहाटे हा आपला शेंड्यावरून गावाला सांगतोय, कालचा माझा चुकला.

बेटाचा मानकरी होता तातू गावकर. बोलायला गोड, पण सगळ्या बेटाची अब्रू आपल्याच खिशात आहे असं समजणारा. पलीकडच्या गावचे लोक हसतात, कुर्लीबेटाचा जाणता रोज स्वतःच्या तोंडाने चूक कबूल करतो, हे त्याला बोचायचं. एक दिवस त्याने रवळूला माडाखाली गाठलं.

"रवळू, चुकला ता कित्याक सांगतस? लोकांचो विश्वास उडता."

रवळू कोयत्याला धार लावत होता. त्याने मान वर केली नाही.

"तातूनू, चुकला ता लपवलंय, तर खरा सांगलेला कोण मानतलो?"

तातू गावकराला राग आला. पण रवळूशिवाय दुसरं कोण माडावर चढून हवा सांगणार, म्हणून त्याने तो गिळला.

त्यानंतर मात्र रवळूची सलग दोन वर्षं एकदाही चूक झाली नाही. लोक त्याच्या पाया पडू लागले. तातू गावकरही पलीकडच्या गावात छाती काढून फिरू लागला. मनुष्यच तो, रवळूलाही ते आवडू लागलं असणार. मला तरी आवडलं असतं.

मग आगोट आली. आगोट म्हणजे पावसाळ्याआधी चार महिन्यांचं सामान भरून ठेवायचे दिवस. एकदा समुद्र खवळला की बेटावरून कोणी जात नाही, बेटावर कोणी येत नाही. तांदूळ, मिरची, तेल, सगळं आधीच आणायला हवं. त्या वैशाखात एका पहाटे रवळूने हाक दिली, "कालचा खरा, आजचा आयका. उकाडो खूप, वारो थोडो, दर्या शांत." बावीस होड्या पलीकडच्या किनाऱ्याकडे सुटल्या. अर्धं बेट त्यांत होतं. पहिल्या होडीत तातू गावकर, आणि शेवटच्या होडीत रवळूची बायको गंगू आणि तिच्या मांडीवर त्यांची मुलगी पारू.

ऊन चढल्यावर रवळू मडकी उतरवायला पुन्हा वर गेला. पहिल्या मडक्यातल्या माडीला फेस आला होता आणि तो काठावरून उतू जात होता. पोयीचे थेंब एकमेकांना गाठत पडत होते. मुंग्या बुंधा सोडून शेंड्यावर येऊन बसल्या होत्या. त्याने दक्षिणेकडे पाहिलं. पाण्याच्या आणि आभाळाच्या मध्ये एक काळी रेघ उठली होती, आणि ती जाड होत होती.

होड्या निम्म्या वाटेवर, सांडलेल्या तांदळाच्या दाण्यांएवढ्या दिसत होत्या. पलीकडच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा आहे. वादळात तिथे गेलेली होडी फुटते, हे बेटावरचं शेंबडं पोरही सांगेल. वाचायचं तर मागे फिरून बेटाच्या आडोशाला यायला हवं होतं. रवळूने हाक मारली, ती अर्ध्या वाटेतच विरली. खाली म्हाताऱ्यांनी देवळातला शंख फुंकला, तोही पोचला नाही. धूर करावा तर वैशाखात सगळे शेतात पालापाचोळा भाजतात. त्या धुराकडे कोण बघणार?

बघतील असा एकच धूर होता. पण तो केला असता तर रवळूकडे पोट भरायला काही उरलं नसतं, आणि दोन वर्षांचं नाव सगळ्या समुद्राच्या डोळ्यांदेखत गेलं असतं. असं म्हणतात, की मडक्यात सात थेंब पडले तेवढा वेळ तो शेंड्यावर तसाच बसून राहिला. मग खाली उतरला आणि चुलीतलं जळतं लाकूड घेऊन परत वर चढला.

वाळलेल्या झावळ्या भराभर पेटल्या. एक माड झाला की दुसरा. वर आग, खाली तापलेला बुंधा. छातीचं कातडं त्या बुंध्यांना चिकटून राहिलं, तरी तो चढत होता. असं म्हणतात, की चौदाव्या माडावर चढताना त्याचे पाय बुंध्यावरच्या चढायच्या खाचांना लागतच नव्हते, बापाने खालून उचलून धरलं होतं.

तिकडे पहिल्या होडीत कोणीतरी म्हणालं, कुठेतरी भाजावळ चाललीय. तातू गावकराने वळून पाहिलं. धूर जमिनीवर नव्हता. आभाळात, एका रांगेत, चौदा ठिकाणी होता. ती रांग तो लहानपणापासून बघत आला होता. तो होडीत उभा राहिला आणि ओरडला.

"होडी फिरवा. रवळू सांगता, आजचा माझा चुकला."

कोणी दुसरा प्रश्न विचारला नाही. बावीस होड्या फिरल्या. हातांना फोड येईपर्यंत बायकासुद्धा वल्ही मारत होत्या. शेवटची होडी बेटाच्या आडोशाला शिरली आणि मागून वादळ आदळलं. देवळावरचं गवत उडालं, रिकाम्या गोठ्याची भिंत पडली. पावसाने माडांची आग विझवली, तेव्हाचा चर्र आवाज होड्यांतल्या माणसांनी ऐकला. माणूस एकही गेलं नाही. पारू आईच्या पदरात झोपून गेली होती.

दुसऱ्या पहाटे सगळं बेट माडांखाली येऊन उभं राहिलं. कोणी बोलावलं नव्हतं. हातांना खोबरेल लावून चिंध्या बांधलेला रवळू काळ्या पडलेल्या उंच माडावर हळूहळू चढला. गंगू खाली डोळे पुसत होती.

"कालचा माझा चुकला," रवळू म्हणाला.

तातू गावकराने डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं.

"आजचा आयका," रवळू म्हणाला. त्याने दोन दिवस थांबायला सांगितलं. लोक दोन दिवस थांबले, तिसऱ्या दिवशी गेले आणि बेटाची आगोट भरून आले. त्या पावसाळ्यात रवळूच्या घरची चूल बावीस होड्यांनी पेटती ठेवली.

तेरा माड मेले. चौदाव्याला सातव्या दिवशी हिरवा कोंब आला, असं म्हणतात. तोच माड अजून उभा आहे, असंही म्हणतात. माड एवढी वर्षं जगतो का, असं मला विचारू नका. जाऊन त्याच्या बुंध्याला हात लावा. तो अजून काळा आहे.

आता बेटाच्या जेटीवर फळा आहे. रेडिओवर, मोबाइलवर हवेचा अंदाज येतो, उष्ण आणि दमट, दुपारनंतर वादळी वारे, आणि रोज पहाटे कोणीतरी तो फळ्यावर लिहितं. पण त्याच्या वर आधी एक ओळ लिहावी लागते, कालचं खरं की कालचं चुकलं. बाहेरून आलेले लोक त्या ओळीचा फोटो काढतात आणि हसतात.

गेल्या वैशाखात लिहिणारी मुलगी घाईत होती. आजचा अंदाज तिने लिहिला, वरची ओळ राहिली. आभाळ स्वच्छ होतं, वारा सोयीचा होता, आगोटीला निघालेल्या होड्या माणसांनी भरून तयार होत्या. एकही सुटली नाही. सगळे वल्ही मांडीवर घेऊन बसून राहिले, शेवटी ती धावत परत आली आणि तिने खडू हातात घेतला.