निरोप्याचं मातीचं घर

फार पूर्वी, जेव्हा निरोप माणसांच्या पायांनी जात असत, तेव्हा एका गावात एक निरोप्या राहत होता. पायाला भिंगरी म्हणतात ती त्याच्याच पायाला लागलेली. कुणाची सोयरीक जुळो, कुणाची म्हैस विवो, हा डोंगर ओलांडून निरोप सांगून परत यायचा, तेव्हा निरोप धाडणाऱ्याच्या चुलीवरचा भात अजून शिजतच असायचा.

असा हा पंचक्रोशीला ठाऊक असलेला माणूस, पण त्याला स्वतःचं घर नव्हतं. तो आणि त्याची बायको दुसऱ्याच्या पडवीत राहायची. एकुलती एक लेक त्या पडवीतूनच सासरी गेली होती.

दिवाळी सरली आणि डोंगरापलीकडून लेकीचीच बातमी आली. तिला दिवस गेले होते. चैत्रात बाळंत होईल म्हणाले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर रीतच. होळी झाली की ती येणार होती.

"येईल, पण कुठं?" बायको म्हणाली. "इथं आपल्या दोघांनाच पाय पसरता येत नाहीत. तिच्या सासरची माणसं काय म्हणतील? पोरीला माहेरच नाही म्हणतील."

निरोप्याला ते फार लागलं. तो उठून उभा राहिला. "होळीच्या आत घर उभं करतो. आपल्या हातांनी."

त्या गावात सगळी घरं मातीचीच होती आणि ज्याची त्यानेच बांधलेली होती. पण मनात आलं आणि भिंत घातली, असं तिथे चालत नसे. पूर्वी एका साली घाईघाईने घातलेल्या दोन ओल्या भिंती बसल्या होत्या आणि खाली माणसं होती. तेव्हापासून चावडीने नियम केला. आधी जागा दाखवायची, मग आखणी दाखवायची, मग हातभर उंचीचा मातीचा एक थर घालायचा आणि थांबायचं. थर वाळला की पाहणीदारीण येणार, भिंतीत अंगठा रोवून बघणार. ठसा उमटला, तर आणखी थांबा. नाही उमटला, तर पुढच्या थराची परवानगी. असे आठ थर, मग छप्पर. या पाहणीदारणीला सारं गाव मावशी म्हणायचं.

निरोप्या चावडीवर गेला तो एका पायावर उभा. "मावशी, आठही थरांची परवानगी एकदमच देऊन टाका. म्हणजे तुमचे हेलपाटे वाचतील."

"माझ्या हेलपाट्यांची काळजी तू करू नको," मावशी म्हणाली. "आधी जागेवर फक्कीने घराच्या रेघा मार. आठ दिवस त्या रेघांच्या आत बस. ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो, उताराचं पाणी कुठून जाईल ते बघ. मग मला सांग, दार कुठं आणि चूल कुठं."

निरोप्याने रेघा मारल्या आणि आत बसला. घटकाभर बसला असेल, मग त्याला कुणाचा तरी निरोप आठवला. शेवटी आठ दिवस बायकोच तिथे तांदूळ निवडत बसली. तिनेच सांगितलं की पाणी मागच्या अंगाने उतरेल, म्हणून जोतं उंच हवं, आणि पश्चिमेला दार नको. मावशीने मान डोलावली आणि आखणी मंजूर केली. "घर तुझ्या बायकोचं दिसतंय," ती निरोप्याला म्हणाली.

जोतं झालं. पांढरी माती आली. तिच्यात गव्हाचा भुसा आणि शेण घालून चिखल भिजत घातला. तो तुडवायला मात्र निरोप्यासारखा माणूस नाही! दहा जणांचं काम त्याच्या दोन पायांनी केलं. मार्गशीर्ष लागला आणि पहिला थर बसला.

आणि मग थांबायचं आलं. थांबणं हे काही त्याचं काम नव्हे. दिवसातून वीस वेळा तो भिंतीपाशी जायचा, हात लावायचा, परत यायचा. भिंतीवर फुंकर घालतानासुद्धा लोकांनी त्याला पाहिलं. 'उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग' म्हणून गाव हसायचं. त्याला हसू येत नव्हतं. तो बोटांवर मोजायचा. थराला पंधरा दिवस, आठ थरांना चार महिने. फाल्गुन संपेल. त्यात थंडीचे दिवस. पंधराव्या दिवशी मावशी आली, अंगठा रोवला, ठसा उमटला.

"आणखी पाच दिवस," ती म्हणाली आणि गेली.

निरोप्याच्या जिवाची नुसती तगमग झाली. पाच इथे, पाच तिथे, म्हणजे लेक पुन्हा त्या पडवीत येणार. तिला पडवीत पाहून व्याही काय म्हणेल, ते तर तो आत्तापासूनच ऐकत होता.

दुसरा थर घातला तेव्हा त्याला युक्ती सुचली. दुपारी गाव शेतावर गेलं की तो वाळल्या गोवऱ्या आणून भिंतीला लागून दोन्ही अंगांनी पेटवायचा. कुणी धूर पाहून विचारलं, तर म्हणायचा, "डास फार झालेत हो." तीन दिवसांत भिंत वरून खणखणीत झाली. सातव्या दिवशी त्याने मावशीला बोलावलं. तिने अंगठा रोवला. ठसा नाही. दुसरीकडे रोवला. तिथेही नाही.

"उन्हाची जागा चांगली निवडलीस," मावशी म्हणाली आणि परवानगी दिली.

बायकोला सगळं ठाऊक होतं. एकदा ती म्हणाली, "अहो, हे बरं नव्हे."

"मग पोरीला येऊ नको म्हणून सांगू? जातो मी तो निरोप घेऊन?"

यावर ती गप्प बसली. आपली लेक आपल्या घरात बाळंत व्हावी, असं तिलाही वाटत होतंच. ती गप्प बसली, यात तिचीही चूक झाली, हे सांगितलं पाहिजे.

तिसरा थर, चौथा, पाचवा. दर सात दिवसांनी अंगठा, दर सात दिवसांनी परवानगी. माघ संपायच्या आत आठही थर उभे राहिले. वासे चढले, कौलं चढली. गाव म्हणालं, "वा रे पठ्ठ्या! उतावळा खरा, पण करून दाखवलं."

आता तरी माणसाने निवांत बसावं. पण निरोप्याचं बसणं आणखीच बिघडलं. एक दिवस त्याने मागच्या भिंतीला ओळंबा लावला. दोरी वरून सरळ खाली यायला हवी, ती मध्येच भिंतीला टेकली. भिंतीला किंचित पोट आलं होतं. दुसऱ्या दिवशी ते जरा मोठं वाटलं. तिसऱ्या दिवशी त्याने ओळंबाच काढून टाकला. ओळंबा काढला म्हणून पोट आत जात नाही, हे त्यालाही कळत होतं. जेवताना त्याचं लक्ष भिंतीकडे, निरोप सांगताना मन भिंतीकडे. एकदा तर त्याने लग्नाचं आमंत्रण बाराव्याच्या घरी देऊन टाकलं.

आणि त्याच भिंतीला लागून बायकोने बाळंतिणीची बाज टाकली होती.

होळी झाली. लेकीला आणायला निरोप्यानेच जायचं, पण तो आज जातो, उद्या जातो करत राहिला. शेवटी व्याही स्वतःच गाडी जुंपून सुनेला घेऊन आला. सारं गाव जमलं. नव्या घराचा परवाना उंबऱ्यावर द्यायचा, अशी रीत होती, म्हणून मावशीही कागद घेऊन आली. लेक जपून गाडीतून उतरली आणि घराकडे बघतच राहिली.

"बाबा, हे आपलं?" तिने विचारलं. तिचे डोळे भरून आले होते.

बायकोने लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. पायांवर पाणी घातलं. लेकीने पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं.

"थांब!" निरोप्या ओरडला.

सगळे दचकले. जन्मभर जो कधी थांबला नाही, तो दारात दोन्ही हात आडवे करून उभा राहिला. "आत येऊ नको, बाळे. भिंत ओली आहे."

"ओली कशी?" मावशी म्हणाली. "आठही वेळा मी अंगठा लावलाय. तीस वर्षं लावतेय. भिंत खोटं बोलत नाही."

"भिंत नाही बोलली, मावशी. मीच तिला बोलायला लावलं." आणि त्याने गोवऱ्यांचं सगळं सांगून टाकलं. व्याह्यासमोर, गावासमोर, लेकीसमोर.

मावशीने शेजारून पहार मागवली, मागच्या अंगाला गेली आणि भिंतीच्या पोटात मारली. वीतभर कडक लागलं, पुढे पहार आपसूक आत गेली. बाहेर काढली तेव्हा टोकाला ओला चिखल होता.

बायको हळूच म्हणाली, "मोठ्या जाळावरची भाकरी झाली ही. वरून करपली आणि आत नुसतं पीठ."

मावशीने परवाना फाडला. तिचाही चेहरा उतरला होता. "माझंही चुकलं," ती म्हणाली. "एवढ्या लवकर वाळतेय, म्हणजे विचारायला हवं होतं. आता आधी कौलं उतरवा. वरचा भार काढा."

निरोप्या मान खाली घालून उभा होता. आता व्याही काय म्हणणार, याची तो वाट बघत होता. चार महिने ज्या शब्दांच्या धाकाने तो धावला, ते शब्द आता येणार होते.

व्याह्याने उपरणं कमरेला बांधलं आणि शिडी भिंतीला न टेकवता ओसरीच्या खांबाला लावली. "चला," तो म्हणाला, "उजेड आहे तोवर उतरवू."

कौलं उतरली, वासे उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी मागची भिंत गुडघे टेकल्यासारखी खाली बसली. बाजेची जागा दिसेनाशी झाली. धूळ उडाली नाही, माती इतकी ओली होती. निरोप्या ओक्साबोक्शी रडला.

लेक मावशीच्या घरी बाळंत झाली. मुलगी झाली. बारशाला व्याही आला आणि पोटभर जेवून गेला. माहेर कुठलं, कुणाचं, हा विषयच निघाला नाही.

मातीचं एक बरं असतं, ती राग धरत नाही. पावसाळा संपल्यावर निरोप्याने तीच माती पुन्हा भिजवली, पुन्हा तुडवली. या खेपेला थर घातला की तो निरोप पोचवायला निघून जायचा आणि पंधरा दिवस भिंतीला हातही लावायचा नाही. मावशी अंगठा रोवून म्हणायची, "घाल पुढचा." तर हा म्हणायचा, "मावशी, आणखी चार दिवस जाऊ देत." मावशी हसायची आणि पुन्हा यायची. तिचे हेलपाटे वाढले, पण तिची तक्रार नव्हती.

पुढच्या वैशाखात घर पुरं झालं. लेक आली ती पोरीला कडेवर घेऊनच. अंगणात तिला खाली ठेवलं मात्र, ती पोर उठली, भिंतीला दोन्ही हात टेकून जरा उभी राहिली, मग भिंत धरत धरत दारापर्यंत गेली. जिचा जन्म या घरात व्हावा म्हणून आजोबाने एवढी धावपळ केली, ती आपल्या पायांनी उंबरा ओलांडून आत गेली. निरोप्या तिच्या मागे मागे, तिच्याच चालीने, सावकाश चालला.

तात्पर्य काय, तर परवानगी कुणालाही फसवून मिळवता येते, पण भिंत आतून ओली आहे हे बांधणाऱ्याला ठाऊक असतंच. ते ठाऊक असताना आपल्या माणसाला तिच्याखाली निजवू नये.