‘पुरे’ म्हणायला शब्द नाही!

“महाराज, या बेटावरच्या भाषेत ‘पुरे’ असा शब्दच नाही!” दुभाषी हात जोडून म्हणाला.

राजा मल्लदेवाने कमरपट्टा आणखी सैल केला. मिऱ्यांच्या व्यापाराचा करार करायला तो समुद्रापार लुंबा बेटावर आला होता. करार व्हायचा पाच दिवसांच्या मेजवानीनंतर, आणि तिथली रीत मोठी कठीण! ताट रिकामं दिसलं की यजमान पुन्हा भरणार. ताटात अन्न टाकलं तर त्याचा अपमान. ताटावर हात आडवा धरला तर ‘यात विष आहे’ असा अर्थ! दोन दिवसांत महाराज सतरा ताटं जेवले होते.

“शब्द नाही? इथल्या लोकांना पोटं आहेत ना!” राजा गरजला. त्याची नजर सोबत आणलेल्या स्वयंपाकिणीवर गेली. “बयजे, तुझा जन्म पंगती वाढण्यात गेला. उद्या जेवताना तो शब्द मला मिळवून दे. नाही मिळाला, तर राहा इथेच भांडी घासत!”

बयजाच्या लेकीचं बाळंतपण महिन्यावर आलं होतं. हे जहाज चुकलं, तर पुढचं थेट वर्षभराने!

“मिळवते,” ती म्हणाली. “फक्त मला यजमानांशेजारी उभं राहू द्या.”

दुसऱ्या दिवशी लुंबाचा राजा स्वतः पळी घेऊन मल्लदेवाला वाढत होता. बयजाने वाढणाऱ्या यजमानाच्याच ताटात डोकावून पाहिलं.

“अगोबाई! यजमानांचं ताट रिकामं?”

तिने दुसरी पळी उचलली आणि भात, माशाचं कालवण वाढलं. लुंबाचा राजा खूश झाला. यजमान म्हणून त्याला आजवर कुणी वाढलंच नव्हतं! त्याने ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं. बयजाने पुन्हा भरलं.

“हे आमच्या महाराजांच्या नावाचं!”

तेही संपलं.

“हे तुमच्या राणीसाहेबांच्या नावाचं! त्यांना नाही म्हणणार?”

दुभाषी भाषांतर करून दमला, बयजा वाढून दमली नाही. आठव्या ताटाला यजमानाला घाम फुटला.

“आणि हे माझ्या होणाऱ्या नातवाच्या नावाचं!”

“तुंबो!” लुंबाचा राजा दोन्ही हात वर करून ओरडला. “तुंबो! तुंबो!”

दुभाष्याने आ वासला. “अहो, हा शब्द तर इथली बोबडी मुलं जेवताना आईला म्हणतात! मोठ्यांच्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता!”

“अर्थ सांगा, दुभाषीबुवा!” बयजा म्हणाली.

“अर्थ... ‘पुरे’!”

ओशाळलेल्या यजमानाने सवयीने पळी मल्लदेवाच्या ताटाकडे नेली.

“तुंबो!” मल्लदेव गोड आवाजात म्हणाला.

यजमान असा हसला, असा हसला, की त्याला पोट धरून भिंतीला टेकावं लागलं! राहिलेल्या मेजवान्या रद्द झाल्या आणि करार त्याच दुपारी झाला.

निघताना लुंबाच्या राजाने बयजाच्या हाती चांदीचं बोंडलं ठेवलं. “नातवाला यातून दूध पाज,” दुभाष्याकरवी तो म्हणाला, “आणि त्याला पहिला शब्द कोणता शिकवशील?”

“‘तुंबो’ तर नाहीच शिकवणार, महाराज,” बयजा म्हणाली. “मला अजून त्याला पुष्कळ भरवायचंय!”