बयोचं काचापाणी

एका गावात पाणवठ्यावर एक बातमी अर्धीच ऐकू आली. "कासाराच्या सगुणेनं म्हणे पोरीला काचा..." एवढं बोलून बोलणारीनं हंडा डोक्यावर घेतला आणि ती चालू लागली. आता पुढचं राहिलं म्हटल्यावर चैन कसं पडणार? तिथंच पाणी भरणाऱ्या गोदाक्काला तर नाहीच पडलं. दुपारपर्यंत तिनंच बातमी पुरी केली: सगुणा पोरीला काचा खाऊ घालते!

पोर म्हणजे बयो, पाच वर्षांची. बाप नागोजी कासार. त्यानं बांगड्या भरल्या तर बाईला कळ म्हणून लागत नसे. तोच हात पोरीला यावा म्हणून त्यानं तिला कळू लागल्यापासून दुकानात बसवलं होतं. मापं लाव, रंग निवड, हलू नकोस, बोलू नकोस. खेळायला सोडायचं नाव नाही.

पण व्हायचं उलटंच. बापानं नुसतं पाहिलं तरी बयोची बोटं ताठ व्हायची आणि बांगडी कटकन जायची. कासाराच्या घरात बांगडी 'फुटली' म्हणत नाहीत, 'वाढली' म्हणतात. नागोजी वैतागून म्हणायचा, "दिवसभर बांगड्या वाढवते नुसती! तोंडात शब्द नाही, हातात कला नाही. दिवाळी झाली की हिला आत्याकडेच ठेवतो. ती लावील वळण."

आत्या भारी कडक. तिचं नाव निघालं की सगुणा पोरीला जवळ ओढून घ्यायची.

त्या दिवशी नागोजी शेजारच्या गावची फेरी करून लवकर परतला. गोदाक्कानं त्याला वेशीतच गाठलं. "घरी काय जातोस? देवळामागं चल. बघ तुझी बायको काय करतेय!"

दोघं धावत गेले. देवळामागं पोरांचं कोंडाळं होतं आणि मधे बांगड्यांच्या तुकड्यांचा ढीग. जवळच बसलेल्या सगुणेनं एकेका तुकड्याची धार दगडावर घासून मोडली होती. पोरं काचापाणी खेळत होती. ढिगातला एक तुकडा बोटानं अलगद काढायचा. दुसरा हलला की डाव गेला.

नागोजी ओरडणार, तेवढ्यात बयोनं श्वास रोखला. हिरवा तुकडा तिनं असा बाहेर काढला, की बाकीचे जागचे हलले नाहीत.

"आता तू, शेवंते. घाई करू नकोस गं, नीट बघून काढ," बयो म्हणाली.

पोरीचं एवढं लांब बोलणं नागोजीनं कधी ऐकलं नव्हतं.

"अगं, हात तयार आहे की हिचा!" तो म्हणाला. "उद्यापासून बांगड्या भरायलाच बसवतो."

बयो दचकली. बोटं ताठ झाली आणि हातातला तुकडा निसटला.

"पाहिलंत?" सगुणा म्हणाली. "कामाचं नाव काढलंत आणि हात गेला. तिला खेळू द्या हो. काम कुठं पळून जातंय?"

नागोजीनं पोरीच्या ताठ बोटांकडे पाहिलं. मग खांद्यावरचं बांगड्यांचं ओझं उतरवून पोरांत बसला. त्यानं मोठ्या ऐटीत बोट घातलं आणि अख्खा ढीग हलला.

"आबा, हललं! उठा, तुमचा डाव गेला!" बयो खिदळली. आत्याकडे ठेवायची गोष्ट त्या घरात पुन्हा निघाली नाही.

गोदाक्का मात्र घरी जाताना वाटेत भेटेल त्याला सांगत होती, "काचा दिल्या होत्या की नाही? दिल्याच होत्या! खायला नव्हत्या, एवढंच."

तात्पर्य: लहान मूल खेळतं तेव्हा वेळ वाया जात नसतो, त्याचा हात, त्याची वाचा आणि त्याचा धीर तिथंच घडत असतो. शिकवण्याच्या घाईत खेळ हिरावला, तर शिकणंही हातचं जातं.