नऊ कुबडांचा नाग

फार पूर्वी वैरंतनगरात सुबाहू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या मोठ्या तळ्यात पाणमांजरांच्या कुळात जन्माला आला आणि वयात येताच त्या कुळाचा म्होरक्या झाला. पाणमांजरे पोहतात ती एकामागे एक. पुढच्याने डोके बुडवले की मागचे पाठ वर काढते. लांबून, तिरप्या उन्हात पाहणाऱ्याला वाटते की एकच लांबलचक जनावर वळवळत चालले आहे.

एका सकाळी काठावरच्या कोळ्यांना तसेच वाटले. एकाने तीन कुबडे पाहिली, दुसऱ्याने सहा, आणि संध्याकाळपर्यंत नऊ कुबडांचा, शेंदरी डोळ्यांचा नाग तयार झाला. पराचा कावळा करायला माणसाला शिकवावे लागत नाही. मग वारा नसताना लाट उठली की नाग, कुजका ओंडका वर आला की नाग, तळच्या चिखलातून बुडबुडे आले की नागाचा श्वास! कोणी होडी घेऊन जवळून पाहिले का? छे! पाहायचे कशाला, सगळ्यांना ठाऊकच होते ना!

कुंडक पुजाऱ्याची मात्र पाचही बोटे तुपात. त्याने नागासाठी आधी दूधभात मागितला, मग बकरे मागितले. पाणमांजरांचेही बरे चालले होते. पूर्वी कोळी त्यांना कातड्यासाठी मारत. आता तळ्यात कोणी उतरेना. तीन वर्षांत त्यांचे एकही पिल्लू मारले गेले नाही.

चौथ्या वर्षी पाऊस हुकला आणि कुंडकाने मुलगी मागितली. राजाची नव्हे, नगरशेटची नव्हे. टोपल्या विणणाऱ्या तिष्या नावाच्या विधवेची, आठ वर्षांची सोणा.

"महाराज, एकुलती एक आहे हो माझी," तिष्या त्याच्या पाया पडली.

"बाई, भाग्य समज," कुंडक म्हणाला.

गावाने माना डोलावल्या. दुसऱ्याची पोर देताना कुणाचा हात आखडत नाही. पौर्णिमेच्या सकाळी सोणाला तराफ्याला बांधून तळ्यात सोडायचे ठरले.

बोधिसत्त्वाने हे लव्हाळ्यांत बसून ऐकले आणि घरी येऊन सांगितले. त्याची बायको म्हणाली, "अहो, याच माणसांनी माझ्या आईचं कातडं सोललं. त्यांच्या पोरीसाठी आपण मरायचं?"

"ते आपल्याला पाहून भ्याले आणि त्या भीतीवर आपली पिल्लं वाढली," तो म्हणाला. "आता त्याच भीतीपायी एक पोर बुडणार. मला ते पाहवत नाही. तू पिल्लांना घेऊन ओढ्याने डोंगरात जा."

ती रडली, पण गेली. चार म्हातारी पाणमांजरे त्याच्याबरोबर मागे राहिली.

पौर्णिमेला तराफा ढकलणार, तोच पाण्यात कुबडे उठली. "आला! आला!" म्हणत लोकांनी लोटांगणे घातली. बोधिसत्त्व सरळ घाटाकडे आला, पायरी चढला आणि त्याने अंग झटकले. मागून दुसरे, तिसरे, चौथे, पाचवे. भर उन्हात, साऱ्या गावासमोर पाच ओली पाणमांजरे!

"अगं बाई! हाच का तो नाग?" कोणीतरी हसले. तिष्याने धावत जाऊन लेकीचे दोर सोडले.

आता लोकांनी कुंडकाला जाब विचारायला हवा होता. नाही विचारला. तीन वर्षे आपण पाणमांजरांपुढे नाक घासले, हे एकमेकांच्या तोंडावर कबूल कोण करणार? कुंडकाने ते ओळखले. "नागराजाच्या नावानं सोंगं करतात ही! मारा!" तो ओरडला, आणि काठ्या उठल्या. चोर सोडून संन्याशाला सुळी!

पाणी दोनच पायऱ्या खाली होते, उडी मारली की सुटका. पण आपण दिसेनासे झालो की पुन्हा नाग होऊ आणि ती पोर पुन्हा तराफ्यावर जाईल, हे बोधिसत्त्व जाणून होता. तो हलला नाही. पहिला दगड कुंडकाने मारला. दुसरा तिष्याने मारला, सोणाला कडेवर घेऊन. कारण कोण नुसते उभे आहे, ते कुंडक बघत होता. पाचही जण पायरीवरच मेले.

पुन्हा मुलगी मागायची कुणाची छाती झाली नाही, एवढेच पदरात पडले. खरा नाग तळाशी झोपला आहे असे गावाने ठरवले आणि पुढच्या पौर्णिमेला बकरा कापला.

भिक्षूंच्या सभेत ही कथा संपवून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "ती सोणा म्हणजे आजची भिक्षुणी सुवेला. तिष्या म्हणजे आपल्याला रोज भिक्षा वाढणारी उपासिका वसुधा. माझ्याबरोबर मेलेले चौघे इथे माझ्याजवळच बसले आहेत. म्होरक्या मी होतो. कुंडक शेजारच्या गावात आजही पुजारीच आहे."

या जन्मी बोधिसत्त्वाने करुणेची पारमिता, म्हणजे त्या गुणाची परिसीमा, पूर्ण केली असे म्हणतात. काठावरचे ते लोक आता कोण आहेत, हे शास्त्यांनी सांगितले नाही. आणि सभा भरलेली असूनही कोणी विचारले नाही.