दंड उतरला तर मेंढा गेला

एका गावात एक भोळा पैलवान होता. इतका भोळा, की आरशात बघून रामराम घालायचा आणि समोरच्यानंही घातला म्हणून खूश व्हायचा. नाव म्हाळू. दंड असले भरदार, की शिंप्यानं त्याच्या सदऱ्याला बाह्या शिवायच्याच सोडून दिल्या होत्या. घरात दोघंच, म्हाळू आणि हौशा. हौशा म्हणजे मेंढा. म्हाळू हौशाच्या शिंगांना तेल लावायचा आणि स्वतःच्या डोक्याला पाणी.

म्हाळूच्याच तालमीत पिऱ्या होता. पिऱ्या व्यायाम करायचा तो फक्त तोंडाचा. त्याला हौशात मेंढा दिसायचाच नाही, रस्सा दिसायचा.

एक दिवस तालमीच्या कट्ट्यावर पिऱ्या म्हणाला, "म्हाळ्या, पोट बघ की लेका. लंगोट घातलाय का न्हाई, वाकून बघावं लागतंय. सकाळी उपाशीपोटी पळत जा."

"पळतो की."

"पळशील रं. पण उपाशी पळलं की चरबीसंगट दंडबी उतरतो. तुझा उतरणार."

"न्हाई उतरणार."

"लाव पैज! यात्रेपर्यंत रोज न्याहारीआधी पळायचं. दंड उतरला तर हौशा माझा. यात्रेला रस्सा."

"आणि न्हाई उतरला तर?"

"तर जन्मभर हौशाच्या लेंड्या मी झाडीन."

म्हाळूला वाटलं, हौशाची केवढी सोय झाली! "लागली," म्हणाला.

तालमीच्या हिंदुराव वस्तादांनी कपाळावर हात मारला. पण शब्द गेला तो गेला. त्यांनी म्हाळूच्या दंडाला सुतळी गुंडाळली, गच्च गाठ मारली, आणि ते सुतळीचं कडं मारुतीच्या देवळात खुंटीला अडकवलं. यात्रेला ते परत दंडात चढवायचं. घट्ट बसलं तर म्हाळू जिंकला. सैल झालं तर हौशा पातेल्यात.

दुसऱ्या दिवशी पहाटे म्हाळू पळाला. असा पळाला, की गावातले कोंबडे त्या दिवशी आरवायचे राहिले. तळ्याला वळसा घातला, डोळ्यांपुढं अंधारी आली, आणि गडी उकिरड्यात जाऊन पडला. वस्तादांनी तंगडी धरून बाहेर काढला.

"अरे, उपाशीपोटी असं ऊर फुटेस्तोवर पळतात व्हय? असा पळलास तर दंड उतरलाच म्हणून समज. हळू पळायचं. संगतीच्या माणसाशी गप्पा मारता येतील एवढंच."

"व्हय वस्ताद." म्हाळूनं पंच्याला गाठ मारली. म्हणजे विसरायला नको.

पुढच्या पहाटे म्हाळू हळू निघाला. तर पोलीसपाटलाचं कुत्रं मागं लागलं. दात काढून, शेपूट ताठ करून. म्हाळूला गाठ आठवली. त्यानं वेग आणखी कमी केला आणि मागं वळून विचारलं, "काय मग, पाटील बरं हायती का?"

कुत्र्यानं उत्तर दिलं. ते म्हाळूला बसल्या जागी मिळालं, आणि मग त्याला बसताच येईना.

वस्ताद हळद लावत म्हणाले, "कुत्र्याशी गप्पा मारतोस, खुळ्या? असं कोण मागं लागलं तर दगड हाणायचा आणि झाडावर चढायचं!"

"व्हय वस्ताद." पंच्याला दुसरी गाठ.

तिसऱ्या पहाटे मागनं हाक आली, "म्हाळू! थांब की लेकरा!" सरपंचांची आई, सुंद्राकाकी. पोरगं उपाशी पळतंय म्हणून बिचारी धारोष्ण दुधाचा तांब्या घेऊन लगबगीनं येत होती. म्हाळूनं बघितलं, कोण तरी मागं लागलंय. गाठ आठवली. दगड उचलला.

टण्ण! तांब्या गटारात, दूध रस्त्यावर, सुंद्राकाकी तोंडाला पदर लावून उभी. म्हाळू जवळच्या झाडावर सरसर चढला. जवळचं झाड बाभळीचं होतं. कुत्र्यानं जी जागा सोडली होती, तिथं बाभळीनं हात फिरवला.

वस्ताद काटे उपसताना म्हणाले, "म्हातारी दूध घेऊन आली होती रं! पळून झालं की चार जोर काढायचे आणि दूध, भिजवलेलं हरभरं पोटात घालायचं, तर दंड जागच्या जागी राहतो. प्रेमानं कुणी काय दिलं तर हात जोडायचे आणि तिथल्या तिथं पोटात घालायचं. कळलं?"

"व्हय वस्ताद." तिसरी गाठ.

पुढच्या पहाटे वेशीवर जनावरांचे डॉक्टर भेटले. फटफटी थांबवून त्यांनी हसत हसत एक बाटली पुढं केली. "घे म्हाळू. जंतांचं आहे. एका दमात गेलं पाहिजे."

म्हाळूनं बाटली घेतली. हात जोडले. एका दमात घातली पोटात.

डॉक्टर बघतच राहिले. "अरे... ते हौशाचं होतं!"

त्या दिवशी म्हाळू न्याहारीआधी पळाला, न्याहारीच्या वक्ताला पळाला, आणि न्याहारीनंतरही पळतच होता. सगळं पळणं ओढ्याकडं. गप्पा मारायला सवडच मिळाली नाही.

वस्ताद आता ओरडायच्याही पलीकडं गेले होते. हात जोडून म्हणाले, "बाबा, ज्याचं त्याला द्यावं. दुसऱ्याची वस्तू आपल्या हातात आली, की आपण ठेवायची न्हाई, लगेच पोचती करायची. एवढं तरी ध्यानात ठेव."

"व्हय वस्ताद." चौथी गाठ. पंचा आता फडक्याएवढा उरला होता.

पण गंमत बघा. एवढी फजिती होऊनही गडी रोज हळू पळत राहिला. पळून आला की जोर काढायचा. हरभरे खायचा, त्यातले निम्मे हौशाला. पोट उतरायला लागलं आणि दंड तसाच. पिऱ्या रोज लांबून दंड बघायचा आणि त्याचा रस्सा लांब लांब जायचा. मग एकाएकी पिऱ्याला मारुती आठवला. जन्मात कधी घंटा वाजवली नव्हती, तो सांज-सकाळ देवळात. त्या खुंटीच्या आसपास.

यात्रा उजाडली. म्हाळू हौशाला आंघोळ घालत होता. पिऱ्या मुद्दाम तिकडनं गेला.

"लई घासू नको. माझा हाय तो."

"तुझा?"

"माझाच. मारुतीची आण." पिऱ्या शीळ घालत मैदानाकडं गेला.

म्हाळूनं हौशाकडं बघितलं. मग पंच्याच्या चौथ्या गाठीकडं बघितलं. मग बराच वेळ हौशाच्या मानेत तोंड खुपसून बसला.

कुस्तीच्या मैदानात अख्खं गाव. देवाला नैवेद्य व्हायचा होता म्हणून कुणाच्याच पोटात काही नव्हतं. म्हाळू आला तो एकटाच, रडून डोळे लाल झालेले. वस्तादांनी खुंटीवरचं कडं आणलं आणि म्हाळूच्या दंडात चढवलं.

ते सुळकन मनगटापर्यंत खाली आलं.

हलगी थांबली. सुंद्राकाकीच्या तोंडून "अगं बाई" निघालं. लंगोट लावून कुस्तीला उभा असलेला पिऱ्या नाचायलाच लागला. "उतरला! उतरला!"

म्हाळूनं कडं हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. "वस्ताद, ही सुतळी माझी न्हाई."

"मग कुणाची?"

"ठाऊक न्हाई. पण ज्याची त्याला द्यायला पायजे."

आणि गडी निघाला. सरपंचांच्या डोक्यातनं कडं घालायला गेला, ते मिशीत अडकलं. हलगीवाल्याच्या पोटाला लावलं, पोट म्हणालं जमणार नाही. सुंद्राकाकीकडं वळला, तर तिनं आधीच तांब्या उगारला होता. असं करत करत म्हाळू पिऱ्यापाशी आला. खाली बसला. पिऱ्याचा एक पाय उचलला, कडं पायातनं वर सरकवलं, आणि ते मांडीवर असं चपखल बसलं, की गाठीचा वळसुद्धा जुन्या वळावर पडला.

"सापडला!" म्हाळू आनंदानं ओरडला. "घे बाबा तुझी सुतळी!"

लोक खो खो हसायला लागले. वस्ताद हसले नाहीत.

"पिऱ्या, हे काय?"

"मला काय विचारता? मांडी ती मांडी. कुणाच्याबी बसंल."

गलका झाला. सरपंच मिशी सारखी करत म्हणाले, "निकाल लागेपर्यंत मेंढा देवळात बांधा. कुठाय मेंढा?"

"पिऱ्याच्या घरी," म्हाळू म्हणाला.

"तिथं कशाला?"

"सकाळी हाच म्हणला की, हौशा माझा. मारुतीची आण घेतली. ज्याचं त्याला द्यावं. मी बायजाक्काच्या हातात दावं देऊन आलो."

बायजाक्का म्हणजे पिऱ्याची आई. पिऱ्या दात काढून म्हणाला, "मग काय, संपलं! आईनं चूल पहाटेच पेटवलीया."

वस्ताद पळाले. मागोमाग गाव पळालं. सरपंच धोतर धरून, हलगीवाला हलगी वाजवत, सुंद्राकाकी तांब्या घेऊन. रस्सा चुकायला नको म्हणून पिऱ्याही पळाला. मांडीत सुतळी तशीच. अख्खं गाव न्याहारीआधी पळत होतं, आणि सगळ्यांच्या मागं, रमतगमत, म्हाळू.

"काय डॉक्टर," तो शेजारी धापा टाकणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारत होता, "यंदा लाळ-खुरकूत कसं काय?"

पिऱ्याच्या दारात बायजाक्का उभी होती. हातात खराटा, अंबाडा सुटलेला.

"कसली ही पीडा गळ्यात मारली? कापायला आलेल्याला शिंगावर घेतला, तो भिंतीवरनं पळाला! भाकरी खाल्ल्या, पीठ खाल्लं, ह्याच्याच रश्श्याचं वाटण केलं होतं, तेबी चाटून पुसून खाल्लं!"

आत चुलीशेजारी हौशा उभा. तोंडाला हिरवं वाटण. मजेत रवंथ चाललेलं. आणि अंगण? अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्या लेंड्या.

बऱ्याच वेळानं म्हाळू आला. अंगावर घामाचा थेंब नाही.

वस्ताद कडाडले, "मुडद्या! तुझा हौशा सुरीखाली, आणि तू गप्पा मारत आलास?"

"मग काय करू वस्ताद?" म्हाळू म्हणाला. "उपाशीपोटी जोरात पळलो असतो तर दंड उतरला असता. मग हौशा गेलाच असता की!"

हौशा बाहेर आला आणि म्हाळूचा दंड चाटायला लागला.

पिऱ्या मटकन उंबऱ्यावर बसला. मांडीतली सुतळी काढली आणि वस्तादांच्या पायाशी ठेवली.

"मीच बदलली. माझ्याच मांडीवर माप घेतलं. म्हाळ्याची खरी सुतळी मारुतीच्या मागं दडवलीया, जाऊन बघा. न्या तुमचा मेंढा. पण ह्याला परत माझं काय पोचतं करू देऊ नका."

बायजाक्कानं खराटा त्याच्या हातात दिला आणि अंगणाकडं बोट केलं.