मागच्या मागे महाराज

कारवीच्या रानात एक म्हातारं साळिंदर राहत होतं. ते माझे वडील. शेवटच्या साध्या सकाळी ते कंद चघळत व्हिडिओ कॉलच्या पडद्यावर आले आणि म्हणाले, "साळू, तू परत अडकलीस. नाक वर, डोळे मिटलेले. अशीच राहा, निदान गप्प तरी असतेस."

मी पलीकडच्या टेकडीवर राहत होते. दोन्ही टेकड्यांना मिळून इंटरनेटची एकच तार होती, ती बिळाबिळांत वाटलेली. बाबा म्हणायचे, आपण तर दोघंच बोलतोय, मग तार खातंय कोण? मी म्हणायचे, रानातल्या तारा अशाच असतात.

तार महाराज खात होते. निवडून आल्याबरोबर रानगवा महाराजांनी फर्मान काढलं होतं की प्रत्येक बिळात त्यांची भाषणं आपोआप डाउनलोड होत राहतील. प्रजेला काहीही करावं लागणार नाही. प्रजेनं काही करू नये, हेच तर राज्याचं धोरण होतं. भाषणं मागच्या मागे उतरत, त्यामुळे दिसत नसत. दिसायचं ते फक्त गोल फिरणारं चक्र. पुढे भाषणांबरोबर महाराजांचं रवंथही उतरू लागलं. ते इतकं स्पष्ट असे की दातांतली काडीन् काडी ओळखू यावी.

तक्रारी वाढल्या तेव्हा वेगमापन अधिकारी म्हणून मुंगूस नेमलं गेलं. ते बिळात यायचं, आधी सगळे डाउनलोड थांबवायचं, मग वेग मोजायचं, भिंतीला दाखला चिकटवायचं आणि डाउनलोड पुन्हा सुरू करून निघून जायचं. मोजताना अडथळा नको, असा नियम होता. वेगात आमचं रान सगळ्या रानांत पहिलं आलं. त्यावर महाराजांचं भाषण झालं. तेही उतरलं.

मंगळवारी सकाळी बाबांच्या छातीत कळ आली. घुबडवैद्य नदीपलीकडे असायचे, पडद्यावर बघूनच औषध सांगायचे. मीही माझ्या बिळातून जोडलेली होते. वैद्यांनी विचारलं, "कळ पुढच्या डाव्या पायात उतरतेय का?" बाबांचे ओठ हलले आणि चक्र फिरू लागलं. ते थांबलं तोवर 'वेगवान रान' हे भाषण पूर्ण उतरलं होतं. बाबा आडवे होते.

शोकसभेला मुंगूस आलं. मयताच्या बिळातली तार उत्तम होती, दाखला भिंतीवर आहे, असं त्यानं सांगितलं. उत्तर द्यायला मयताकडूनच उशीर झाला, असं अहवालात लिहिल्याचंही सांगितलं. सभेनं माना डोलावल्या. मग घरचं कुणी बोलणार का, अशी विचारणा झाली.

मी उभी राहिले. बाबांच्या बिळाकडे तोंड केलं आणि त्यांना कधीच न सांगितलेलं मोठ्यानं सांगितलं.

"बाबा, मी मत महाराजांनाच दिलं होतं. भाषण आवडलं होतं."